पाषाणमत्स्य आणि कॉमर्सनचे कागद

(१)

इतिहाससंशोधनाच्या त्रैमासिकांत माशावरील लेख पाहून कांहीं वाचकांस नवल वाटेल, हें आम्ही जाणून आहों. परंतु आमचा खरा विषय मासा नव्हे. एका माशासंबंधींचा लेखी पुरावा कोठें निर्माण झाला, कोणाच्या हातीं पडला, कसा विस्कटला आणि त्या विस्कटण्यामुळें ज्ञानाची किती हानि झाली, हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. पोथ्या व दप्तरें गोळा करणाऱ्या मंडळींस या हकीकतींतून घेण्याजोगा बोध आहे, असें आम्हांस वाटतें. तो बोध आमच्या स्वतःच्या एका चुकीनें आम्हांस अधिक तीव्रतेनें पटला. ती चूक लेखाच्या शेवटीं सांगूं.

प्रथम त्या माशाची ओळख करून देणें अवश्य आहे. इंग्रजींत यास 'स्टोनफिश' म्हणतात. आम्ही सोईसाठीं पाषाणमत्स्य म्हणूं. शास्त्रीय ग्रंथांत याच्या जातिसमूहाचें नांव 'सिनान्सीआ' असें आहे. हा विंचूमाशांचा आप्त. तांबड्या समुद्रापासून व आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून तों पॅसिफिक महासागरांतील बेटांपर्यंत उथळ पाण्यांत तो आढळतो. भारताच्या बाजूस अंदमान व लक्षद्वीप येथील पोंवळ्यांच्या खडकांतही त्याची वस्ती आहे. मोठा झाला तर लांबी सुमारें ४० सेंटिमीटर. अंगावर खवले नाहींत. कातडी चामखिळींनीं भरलेली व शेवाळानें माखलेली. तो पोहतो थोडा आणि तळाशीं वाळूंत किंवा दगडांमध्यें निश्चल पडून राहतो फार. जवळून जाणारा लहान मासा तोंडाच्या टप्प्यांत आला म्हणजे निमिषार्धांत त्यास आंत ओढतो. पाठीवर बहुधा तेरा कांटे असतात. प्रत्येक कांट्याच्या दोन्ही अंगांस खोल खांच असून तींत विषाची पिशवी असते. मासा आपण होऊन कोणावर धांवत नाहीं. अनवाणी माणसाचा पाय त्यावर पडला म्हणजे पायाच्याच दाबानें पिशव्या पिळल्या जाऊन विष जखमेंत शिरतें. वेदना असह्य होतात. क्वचित् मृत्यूही येतो.

(२)

समुद्रतळाच्या माशांचे कांटे विषारी असतात, ही गोष्ट मनुष्यास आज कळली असें नाहीं. ग्रीक परंपरेंत ओडिसिअस या वीराचा अंत पाकटाच्या कांट्याचें पातें लावलेल्या भाल्यानें झाला अशी कथा आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत ओप्पिअन या कवीनें मासेमारीवर पांच सर्गांचें काव्य रचलें. त्यांत दंश करणाऱ्या माशांची गणना करतांना विंचूमासा, 'ड्रॅगन' म्हणून प्रसिद्ध असलेला वीव्हर मासा व पाकट यांचा निर्देश आहे. आमच्याकडे सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानांत जंगम विषाचीं सोळा अधिष्ठानें सांगितलीं आहेत. त्यांत अस्थि व पित्त हीं दोन निराळीं मोजलीं असून दोन्ही ठिकाणीं कांहीं मत्स्य नांवानिशीं गणले आहेत. दंष्ट्रा व नख यांत विष असणाऱ्या प्राण्यांच्या यादींत 'पाकमत्स्य' हें नांव येतें. कोंकणपट्टींतील 'पाकट' या शब्दाशीं त्याचें ध्वनिसाम्य पाहून कोणास मोह पडेल. परंतु केवळ ध्वनिसाम्यावर सिद्धांत उभारणें सुरक्षित नव्हे, म्हणून आम्ही तेथेंच थांबतों. सुश्रुतावरून इतकें मात्र निश्चित म्हणतां येतें कीं, माशाच्या कोणत्या अवयवांत विष राहतें असा प्रश्न प्राचीन वैद्यांनीं विचारिला होता आणि सर्व विषारी मासे त्यांनीं एका राशींत टाकिले नव्हते.

हें ज्ञान त्यांस कोठून आलें? राजसभेंत बसून कोणास माशाचा कांटा बोंचत नाहीं. जाळें ओढणारे, खडकांतून चालणारे व भरती-ओहोटी पाहून पोट भरणारे जे लोक, तेच याचे मूळ साक्षी होत. त्यांच्यापैकीं एकाचेंही नांव ग्रंथांत नाहीं.

(३)

आतां मुख्य हकीकतीकडे वळूं. फिलिबेर कॉमर्सन हा फ्रेंच वैद्य व सृष्टिशास्त्रज्ञ इ. स. १७२७ मध्यें जन्मला. तरुणपणीं लिनेअसच्या सूचनेवरून त्यानें भूमध्यसमुद्रांतील माशांचीं वर्णनें तयार केलीं. तेव्हां मत्स्यविद्या ही त्याची जुनी आवड म्हटली पाहिजे. बूगेंव्हीलच्या पृथ्वीप्रदक्षिणेंत राजाज्ञेनें सृष्टिशास्त्रज्ञ म्हणून तो सन १७६७ मध्यें निघाला. त्याजबरोबर पुरुषवेषांत चाकर म्हणून गेलेली झान बारे ही त्याची साहाय्यक स्त्री होती. पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली ज्ञात स्त्री म्हणून तिचें नांव आतां इतिहासांत नोंदलें गेलें आहे. सन १७६८ च्या एप्रिलांत गलबतें ताहितीस पोंचलीं. तेथील लोक पाषाणमत्स्यास 'नोहू' म्हणतात. नोव्हेंबरांत मंडळी मॉरिशसला, म्हणजे त्या काळच्या 'फ्रान्सच्या बेटा'स लागली. तेथील फ्रेंच कारभारी प्वाव्र यानें कॉमर्सनला ठेवून घेतलें व तो पुन्हां मायदेशीं गेलाच नाहीं.

मॉरिशसमध्यें त्याचें काम झपाट्यानें वाढलें. जोसिन्यी व सोनेरा हे दोघे चित्रकार त्याच्यासाठीं चित्रें काढीत. तो लॅटिनमध्यें वर्णन लिही. मासा वाळवून कागदाप्रमाणें चपटा करून ठेवी. अशा रीतीनें एकेका माशाविषयीं तीन वस्तु तयार होत: लेख, चित्र व सुकें शरीर. या तिहींचा एकमेकांशीं संबंध कॉमर्सनच्या डोक्यांत पक्का होता. कागदावर तो सर्वत्र तितकाच पक्का झाला नव्हता. पुढील सर्व घोटाळ्याचें बीज येथेंच आहे.

मादागास्कर व बूर्बों हीं बेटें पाहून तो परत आला तों त्याचा आश्रयदाता प्वाव्र पदावरून जाण्याच्या वाटेवर होता. कॉमर्सनची प्रकृति ढासळली आणि ता. १३ मार्च १७७३ रोजीं मॉरिशसमध्येंच त्याचा अंत झाला. त्यानंतर आठच दिवसांनीं, मृत्यूची वार्ता नसतां, पॅरिसच्या विज्ञानसभेनें त्यास आपला सभासद निवडिलें. अशा योगायोगावर अधिक भाष्य करण्याची गरज नाहीं.

(४)

सन १७७४ मध्यें कॉमर्सनचें दप्तर व संग्रह पेट्यांत भरून पॅरिसला रवाना झाले. राजोद्यानाचा अधिकारी बूफाँ याच्याकडे ते गेले. बूफाँनें पशुपक्ष्यांवर पुष्कळ लिहिलें, पण माशांवर लिहिण्यास त्यास सवड झाली नाहीं. सन १७८८ मध्यें तो वारला आणि तें काम लासेपेदकडे आलें. कागद एका जागीं, चित्रें दुसऱ्या जागीं, अशी स्थिति झाली. वाळविलेले मासे तर कोणाच्या ध्यानांतच राहिले नाहींत. पुढें अनेक वर्षांनीं द्यूमेरीलला ते बूफाँच्या घराच्या माळ्यावर सांपडले!

लासेपेदनें आपला माशांचा इतिहास पांच भागांत सन १७९८ ते १८०३ या काळांत प्रसिद्ध केला. राज्यक्रांतीचे दिवस, परदेशाशीं युद्ध, परदेशांतून नमुने येणें बंद, आणि स्वतःस कांहीं काळ राजधानी सोडून खेड्यांत राहणें भाग, अशा अडचणींत त्यानें हें काम तडीस नेलें, ही गोष्ट त्याच्या बाजूनें नमूद केली पाहिजे. तथापि परिणाम व्हायचा तो झालाच. कॉमर्सनचें वर्णन वाचून त्यानें एक मासा मानिला. त्याच माशाचें सुटें चित्र पाहून दुसरा मानिला. पूर्वीच्या एखाद्या ग्रंथकारानें त्यासच वर्णिलें असेल तर तिसराही मानिला. क्यूव्हिए यानें सन १८२८ पासून आपला मोठा मत्स्यग्रंथ काढण्यास आरंभ केला, त्या वेळीं लेख, चित्र व माळ्यावरील सुके मासे समोरासमोर मांडून हे गुंते एकेक करून सोडवावे लागले.

पाषाणमत्स्याच्या नांवांचा इतिहास या दृष्टीनें पाहण्याजोगा आहे. लिनेअसनें सन १७६६ मध्यें या गणांतील एका जातीस 'भयंकर' या अर्थाचें नांव दिलें होतें. कॉमर्सनच्या मृत्यूनंतर अठ्ठावीस वर्षांनीं, सन १८०१ मध्यें, लासेपेदच्या ग्रंथांत दुसऱ्या जातीस 'ब्राकिआटा' असें नांव मिळालें. त्याच वर्षीं जर्मनींत ब्लॉखचा अपुरा राहिलेला ग्रंथ श्नायडरनें पुरा करून छापला. त्यांत त्याच जातीस 'चामखिळींचा' या अर्थाचें 'व्हेरुकोसा' हें नांव आहे आणि आज तेंच चालतें. कॉमर्सनचे कागद सन १७७४ मध्यें पॅरिसला पोंचले तेव्हांच कोणी ते बैजवार लावून छापिले असते, तर या दुसऱ्या जातीचें नामकरण कदाचित् निराळें झालें असतें.

(५)

येथवर झालेली हानि नांवांची होती. दुसरी हानि अधिक खोल आहे व ती साक्षीच्या मोलाविषयींची आहे.

मॉरिशसच्या क्रिओल भाषेंत पाषाणमत्स्यास 'लाफ' म्हणतात. किनाऱ्यावरील लोक त्यास भीत असत व हातीं धरीत नसत. युरोपच्या किनाऱ्यावर वीव्हर माशाविषयीं असाच अनुभव होता. फ्रान्स व स्पेन या देशांत तो मासा कांटे छाटल्यावांचून बाजारांत आणूं नये असे निर्बंध होते. म्हणजे लोकानुभव एकमुखानें सांगत होता कीं, या कांट्यांत विष आहे. पण क्यूव्हिएसारख्या शरीरशास्त्रांतील अग्रगण्य पंडितास वीव्हरच्या कांट्यांत सापाच्या दातासारखी नळी दिसली नाहीं, ग्रंथिही दिसली नाहीं. तेव्हां हें खरें विष नव्हे, जखम बारीक व खोल असल्यामुळें ती चिघळते इतकेंच, असा त्याचा अभिप्राय पडला. एवढ्या मोठ्या नांवाचा अभिप्राय म्हटल्यावर कोळ्यांची साक्ष अर्थातच 'लोकभ्रम' या सदरांत गेली.

ती साक्ष परत वर येण्यास बराच काळ लागला. सन १८४० च्या सुमारास ऑलमन यानें आणि सन १८४९ मध्यें बायर्ली यानें वीव्हरच्या कांट्यांच्या खांचांकडे अभ्यासकांचें लक्ष वेधिलें. सन १८६४ मध्यें ब्रिटिश म्यूझियमच्या ग्युंथरनें पनामाकडून आलेल्या, बेडकासारख्या तोंडाच्या एका माशाचें शरीर तपासलें. त्याच्या गालफडावरील व पाठीवरील कांटे सापाच्या विषदंताप्रमाणें पोकळ असून मुळाशीं विषाची पिशवी आहे असें त्यानें दाखविलें. माशास विषावयव असूं शकतो ही गोष्ट यामुळें वादातीत झाली. सन १८७१ मध्यें मॉरिशसच्याच विद्वत्सभेच्या कार्यवृत्तांत ल ज्यूज यानें 'लाफ' माशावर टिपण छापिलें. सन १८८० मध्यें ग्युंथरनें आपल्या मत्स्यविद्येच्या ग्रंथांत पाषाणमत्स्याच्या खांचा, पिशव्या व त्यांतील दुधासारखें विष यांचें वर्णन दिलें आणि तेथील कोळी या माशाचा धोका जाणून त्यास हात लावीत नाहींत, हेंही जोडीस नमूद केलें. सन १८८९ मध्यें बोतार या फ्रेंच वैद्यानें विषारी माशांवर स्वतंत्र ग्रंथ लिहून पाषाणमत्स्याचा विषावयव सविस्तर तपासला. तात्पर्य, कोळ्यांस पिढ्यान् पिढ्या ठाऊक असलेली गोष्ट शास्त्रीय ग्रंथांत पक्की होण्यास कॉमर्सनच्या मृत्यूपासून शंभरांहून अधिक वर्षें गेलीं.

हा विलंब केवळ पंडितांच्या मानापमानाचा प्रश्न नव्हता. कांट्यांत विष नाहीं असें मानिलें कीं उपचार शोधण्याचें कारणच उरत नाहीं. दक्षिण आफ्रिकेंतील मत्स्यशास्त्रज्ञ जे. एल्. बी. स्मिथ यास सन १९५० मध्यें मोझांबिकच्या किनाऱ्यावर या माशाचा कांटा लागला. प्राणांतिक वेदना होत असतां सोसवेल तितक्या ऊन पाण्यांत हात बुडविल्यानें आराम पडतो, हा अनुभव त्यानें पुढें लिहून प्रसिद्ध केला. हें विष प्रथिनरूप असून उष्णतेनें बिघडतें, हें त्याचें कारण होय. आजही सुमारें ४५ अंश सेंटिग्रेडच्या पाण्यांत दुखरा अवयव बुडविणें हाच पहिला उपाय सांगतात. सन १९५९ मध्यें मेलबर्न येथें या विषावरील प्रतिविष तयार झालें. सन २०१५ मध्यें तर या विषांतील मुख्य प्रथिनाची रचनाही उलगडली; पेशीच्या पडद्यास भोंक पाडणाऱ्या प्रथिनांच्या फार जुन्या कुळाशीं तिचें नातें आहे. अस्थीमध्यें विष असलेले मासे निराळे मोजणाऱ्या आमच्या प्राचीन वैद्यांस हें वाचून समाधान वाटलें असतें.

(६)

या काळोखांत एक उजेडाची जागाही आहे. कंपनीच्या नोकरींत असलेला वैद्य पॅट्रिक रसेल हा सन १७८० नंतरच्या दशकांत विशाखापट्टणास होता. तेथील समुद्रांतील दोनशें माशांचीं वर्णनें व चित्रें त्यानें जमविलीं व तीं सन १८०३ मध्यें लंडनला छापून निघालीं. रसेलनें एक गोष्ट शहाणपणाची केली: मासा आणणाऱ्या माणसानें जें तेलुगु नांव सांगितलें तें त्यानें चित्राबरोबरच टिपून ठेविलें. पाषाणमत्स्याच्याच कुळांतील, तळाशीं राहणाऱ्या, दंश करणाऱ्या एका लहान माशाचें नांव त्यानें 'वूरा मीनू' असें दिलें आहे. सन १८२९ मध्यें क्यूव्हिएनें या माशाचा निराळा गण केला, तेव्हां रसेलच्या पुस्तकांतील तेलुगु शब्द उचलून त्यानें त्यास 'मिनूस' म्हटलें. आज जगांतील कोणत्याही देशाच्या मत्स्यसंग्रहांत जा. आंध्र किनाऱ्यावरील कोळ्याच्या तोंडचा 'मीनु' शब्द लॅटिन वेष घेऊन तेथें उभा आहे. त्या कोळ्याचें नांव गेलें. शब्द मात्र राहिला, कारण तो चित्राच्या शेजारीं लिहिला होता व चित्रापासून तुटला नव्हता.

चालुक्य सोमेश्वराच्या मानसोल्लासांतील मत्स्यविनोद-प्रकरणाचें महत्त्व आम्हांस यामुळेंच अधिक वाटतें. बाराव्या शतकांतील त्या प्रकरणांत माशांचीं अनेक नांवें आहेत आणि सन १९५१ मध्यें सुंदरलाल होरा यांनीं तीं आजच्या जातींशीं जुळविण्याचा प्रयत्न केला. असा प्रयत्न शक्य झाला तो नांवें शाबूत राहिलीं म्हणून. गोदावरीपासून तुंगभद्रेपर्यंतच्या किनाऱ्यांवर आणि कोंकणच्या बंदरांत आज चालणारीं नांवें बारकाईनें टिपून ठेविलीं, तर त्या प्रकरणाच्या पुढील अभ्यासास साहाय्य होईल.

(७)

आरंभीं ज्या चुकीचा उल्लेख केला ती आतां सांगतों. बऱ्याच वर्षांपूर्वीं एका जुन्या वैद्यघराण्याच्या दप्तरांतून आम्हांस विषचिकित्सेचें एक मोडी बाड मिळालें. त्यांत वनस्पतींचीं तीन रंगीत चित्रें होतीं. चित्रें सुंदर, म्हणून आम्हीं तीं काढून चौकटींत बसविलीं. मजकुराचीं पानें रुमालांत बांधून कपाटांत ठेविलीं. पुढें एका अभ्यासकानें विचारिलें, 'यांतील कोणतें चित्र कोणत्या औषधाचें?' आम्हांस सांगतां येईना. चित्रांच्या पाठीवर अर्धी-अर्धी ओळ होती, ती पुठ्ठ्याच्या खळीनें चिकटून नाहींशी झाली होती. त्या तीन चित्रांचा पुरावा म्हणून आज कांहीं उपयोग नाहीं. तीं भिंतीवरील शोभा झालीं आहेत. लासेपेदनें युद्धकाळाच्या अडचणींत केलें तें आम्हीं स्वस्थ घरीं बसून, कौतुकानें केलें.

म्हणून संग्राहकांस आमची नम्र विनंती आहे. दप्तर जसें मिळेल तसें ठेवावें. रुमालाची गांठ सोडण्यापूर्वीं पानांचा क्रम लिहून घ्यावा. चित्र, टांचण, चिठोरी, वाळलेलें पान, बियांची पुडी, जें जें आंत असेल तें त्याच जागीं राहूं द्यावें. सुटें चित्र अधिक मोलानें विकलें जातें हें आम्हांस ठाऊक आहे. परंतु त्या मोलांत बाडाचा प्राण जातो. आणि समासांत कोणी अशुद्ध, गांवढळ वाटणारें नांव लिहिलें असेल तर तें शुद्ध करूं नये. शंभर वर्षांनीं कदाचित् तोच एक धागा उरेल.

कॉमर्सनचीं हस्तलिखितें आज पॅरिसच्या राष्ट्रीय सृष्टिविज्ञान संग्रहालयाच्या ग्रंथशाळेंत सुरक्षित आहेत. मॉरिशसच्या किनाऱ्यावर ज्यानें तो कुरूप मासा प्रथम कांठावर आणून 'जपून, यास हात लावूं नका' असें म्हटलें असेल, त्याचें नांव त्यांत सांपडणार नाहीं. त्याचें म्हणणें मात्र खरें होतें, एवढें तरी आतां नोंदून ठेवावें.